बेंगळूरच्या फुलबाजारात

माझी आजी कृष्णेपलीकडच्या सगळ्या मुलखाला 'परदेश' म्हणत असे. समुद्र ओलांडावा, पारपत्र काढावे, तेव्हाच परदेशगमन घडते, अशी तिची समजूत नव्हती. ज्या गावी तांब्याभर पाणी मागताना आपले शब्द उपयोगी पडत नाहीत तो परदेश, एवढी तिची साधी व्याख्या होती. या व्याख्येची सत्यता पटण्यासाठी मला वयाची पासष्टी उलटावी लागली आणि पत्नीसह बेंगळूरला जावे लागले.

जाण्याचे निमित्त मंगल होते. आमचा मुलगा आठ वर्षांपासून तेथे नोकरीस आहे. त्याने आपल्या मनाने एका कन्नड मुलीची निवड केली होती आणि मुलीच्या आईवडिलांनी आम्हा उभयतांना एका रविवारी बसवनगुडीतील आपल्या घरी फराळास बोलावले होते. मुलगी आम्हाला दूरध्वनीवरून परिचित झाली होती व आवडलीही होती. राहिली होती ती केवळ थोरामोठ्यांची गाठभेट.

पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने निघालो. सोलापूर गेले, कलबुर्गी गेले, रायचूर जवळ आले, तसतशी स्थानकांच्या पाट्यांवरची अक्षरे गोल होत गेली आणि सौभाग्यवतींचे बोलणे कमी होत गेले. शेवटी खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "अहो, मुले आपसात इंग्रजीत बोलतील. तुम्ही व्याह्यांशी इतिहास बोलाल. त्या बाईंचे हिंदी बेताचे, माझे इंग्रजी बेताचे. आम्ही दोघींनी काय एकमेकींकडे पाहून हसत बसायचे? आणि पुढे नातवंडे झाली, ती आईच्या भाषेत रडली, तर ती कशासाठी रडतात हे मला कोण सांगणार?"

अशा वेळी समंजस नवऱ्याने गप्प राहावे. मी तिला शहाजीराजे सांगितले. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजाकडून बेंगळूर घेतले आणि पुढे ती जहागीर शहाजीराजांकडे आली. त्यांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीला बारा भाषा अवगत होत्या व त्याच्या 'राधामाधवविलासचंपू'त अनेक भाषांतील कविता आहेत, हे मी रंगवून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले व म्हटले, "दरबारात काय बोलत होते ते राहू द्या. त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्यावर मी काय बोलू ते सांगा."

याला माझ्यापाशी एक उत्तर होते. बँकेतील माझे एक निवृत्त सहकारी धारवाडकडचे. त्यांच्याकडे चार संध्याकाळ बसून मी चाळीस कन्नड शब्द एका खिशात मावणाऱ्या वहीत देवनागरीत उतरवून घेतले होते. मुलाने भ्रमणध्वनीत भाषांतराची सोय करून देऊ केली होती. पण जन्मभर खतावणी हाताने लिहिलेल्या माणसाला अशा उसन्या विद्येचा कमीपणा वाटतो. सौभाग्यवतींनी मात्र त्या चाळीसांतील दोनच शब्द स्वीकारले. 'बेकु' म्हणजे हवे आणि 'बेडा' म्हणजे नको. त्यातही 'बेडा' तिने चांगला घोकला. परक्याच्या पंक्तीत तोच अधिक उपयोगी पडतो, असे तिचे म्हणणे.

शुक्रवार शहर पाहण्यात गेला. पाहण्याजोगे पुष्कळ आहे. हैदरअलीने १७६०च्या सुमारास आरंभिलेल्या लालबागेतील ते काचघर आणि त्याहून कितीतरी पटींनी जुना असा तेथील प्रचंड खडक पाहिला. मल्लेश्वरममध्ये काडु मल्लेश्वराचे देवालय आहे. तेथे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ साली दिलेल्या दानाचा शिलालेख आहे हे ऐकून होतो, म्हणून मुद्दाम गेलो. भोवतालची झाडी, पायऱ्या आणि समोरचे नंदितीर्थ पाहून प्रवासाचा शीण उतरला. पुढे १६८७च्या सुमारास मोगलांनी हे शहर घेतले आणि तीन लक्ष रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हवाली केले. "एवढ्यात हल्ली येथे दोन खोल्याही मिळत नाहीत," असे मुलगा म्हणाला. मराठी माणसाने बेंगळुरात काय गमावले याचा असा चोख हिशेब मी पूर्वी ऐकला नव्हता.

गावाच्या नावाचीही एक कथा आहे. रानात चुकलेल्या वीर बल्लाळ राजाला एका म्हातारीने उकडलेल्या शेंगांचे दाणे खाऊ घातले, म्हणून 'बेंद काळूर', म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव. कथा गोड आहे. परंतु बेगूर येथील नागेश्वर मंदिराच्या परिसरात इ. स. ८९०च्या सुमाराचा एक वीरगळ आहे व त्यावर बेंगळूरच्या लढाईचा उल्लेख आहे. तो बल्लाळाच्या कितीतरी आधीचा. म्हणजे कुणीतरी केव्हातरी एका शब्दाचा भलताच अर्थ लावला आणि तोच पुढे रूढ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातून तेच घडायचे होते, फक्त ते कुणी इतिहासात घेतले नाही एवढेच.

शनिवारी पहाटे आम्ही दोघेच कृष्णराजेंद्र मार्केटात गेलो. रविवारी विहीणबाईंना नेण्यासाठी फुले आधी पाहून ठेवावी, असा हिचा बेत. भूमिगत रेल्वे २०१७पासून थेट बाजाराच्या दाराशी पोचवते. वर आले की मात्र आपण एकदम दोनशे वर्षे मागे जातो. एका अंगाला किल्ल्याचा उरलेला दगडी दरवाजा, जेथे १७९१ साली कॉर्नवॉलिसच्या फौजेने खिंडार पाडले. पलीकडे चिक्कदेवराजाने बांधलेले कोटे वेंकटरमणाचे देऊळ आणि त्याला लागूनच टिपूचा लाकडी खांबांचा महाल. या साऱ्यांच्या मध्ये हा बाजार.

फुलबाजार तळघरासारख्या सखल अंगणात भरतो. सकाळी सहाला तेथे झेंडूच्या राशी माणसाच्या कमरेएवढ्या असतात. शेवंती, गुलाब, तुळस, मरवा आणि ओल्या गोणपाटावर मोगऱ्याचे व अबोलीचे ढीग. मोगऱ्याला येथे 'मल्लिगे' म्हणतात व अबोलीला 'कनकांबर'. गुंफलेली माळ तराजूने विकत नाहीत. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत मोजतात आणि त्या मापाला 'मोळ' म्हणतात. विकणारीचा हात आखूड असेल तर गिऱ्हाइकाचे नुकसान, हे हिच्या ताबडतोब ध्यानात आले व लांब हातांची फूलवाली शोधण्यास ती पुढे सरसावली.

वरच्या मजल्याच्या सज्जातून हे अंगण फार सुंदर दिसते, असे मी वाचले होते. "पाच मिनिटांत वरून पाहून येतो," असे सांगून मी जिना चढलो. वरून पाहिले आणि पाच मिनिटांची वीस केव्हा झाली कळले नाही. खाली जणू कुणी हळद, कुंकू आणि बुक्का यांची ताटे ओतून दिली होती. उतरलो तो प्रत्येक गल्ली दुसरीसारखी. हिरव्या साडीतील बायका शेकड्याने होत्या, त्यात माझी एक दिसेना. तिचा भ्रमणध्वनी मुलाच्या घरी भिंतीला लटकत होता. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला अनेकदा ताटकळत ठेवले आहे. पण हरवली अशी ती प्रथमच, आणि तीही अशा गावी जेथे तिच्यापाशी अवघे दोन शब्द होते. मला घाम फुटला.

मी वही काढली. 'नन्न' म्हणजे माझे, 'नोडिद्रा' म्हणजे पाहिलेत का. आणि बायको? वहीत लिहिले होते: 'बायको – हेंड'. मी लिंबांच्या ढिगामागे बसलेल्या एका गृहस्थाला नम्रपणे विचारले, "नन्न हेंड नोडिद्रा?"

त्याने माझी पांढरी टोपी पाहिली, चष्मा पाहिला, पायांतील कोल्हापुरी वहाणा पाहिल्या आणि मान फिरवली. पुढे एक हमाल भेटला, त्यालाही तेच विचारले. तो थबकला, आकाशाकडे पाहून काहीतरी पुटपुटला व चालता झाला. तिसऱ्या, पोरसवदा विक्रेत्याने मात्र कनवाळूपणाने हिंदीत सांगितले की दुकान दहाला उघडते, तोवर आजोबांनी चहा घ्यावा. बायको मिळण्याचे दुकान ही कल्पना मला विलक्षण वाटली. परंतु परक्या गावचे काय सांगावे! मी अधिक स्पष्ट व्हावे म्हणून वही चाळून जोड दिली, "नन्न हेंड... हसिरु सीरे!" म्हणजे हिरवी साडी.

यावर आसपासची दहाबारा माणसे एकदम स्तब्ध झाली, आणि मग असा हशा उसळला की समोरच्या हातगाडीवरील केळीची पाने घसरून खाली पडली. शेजारच्या गाळ्यावरचे एक वृद्ध फूलविक्रेते हसू आवरीत पुढे आले, त्यांनी माझा हात धरला व एखाद्या मुलाला पाढा शिकवावा तसे म्हणाले, "हेंड अल्ला. हेंडती! हेंडती!" त्यांना हिंदी येत होते. त्यांनी सांगितले की 'हेंडती' म्हणजे बायको आणि 'हेंड' म्हणजे ताडी. मी सकाळी साडेसहापासून सबंध बाजारात 'माझी ताडी पाहिलीत का' म्हणून विचारत होतो आणि माझी ताडी हिरवी साडी नेसली आहे, अशी तिची खूण सांगत होतो.

वही पुन्हा पाहिली. ओळ संपली म्हणून मी 'हेंड' येथे तोडून 'ती' खालच्या ओळीवर नेला होता, आणि खालच्या ओळीला घाईत तो पुढच्या शब्दाचा भाग समजून वाचला होता. बँकेत अशा चुकीबद्दल मी कारकुनांचे कान धरले आहेत.

वृद्ध गृहस्थांनी माझा हात सोडला नाही. आम्ही दोन गल्ल्या ओलांडल्या तो पुढून पुन्हा हशा ऐकू आला. हा मात्र बायकांचा होता. दहाबारा फूलवाल्या गोल करून उभ्या, आणि मधोमध अबोलीचा गजरा हातात घेऊन, तोंडाला पदर लावून आमच्या सौभाग्यवती. इकडे काय घडले होते ते त्या बायकांनी एकदम बोलून वृद्धांना सांगितले. ऐकता ऐकता ते एका गोणीवर बसले आणि डोळे पुसू लागले. मग आम्हा दोघांना त्यांनी ते हिंदीत उलगडून सांगितले.

ही बराच वेळ एकटी उभी, नजर भिरभिरलेली. ते पाहून एका फूलवालीला काळजी वाटली. तिने हिच्या गळ्यातील मंगळसूत्राकडे बोट दाखवून विचारले, "गंड एल्लि?" देवळाबाहेर गंडेदोरे व ताईत विकणाऱ्या बायका हिने आदल्या दिवशी पाहिल्या होत्या. ही मंगळसूत्राशेजारी बांधायला एखादा गंडा विकत देते आहे, असे हिला वाटले. हिने आपला घोकलेला एकमेव शब्द ठणकावून वापरला, "गंड बेडा!" फूलवालीने चकित होऊन पुन्हा विचारले. ही आणखी निश्चयाने, दोन्ही हात हलवून, "बेडा, बेडा! गंड बेडा!"

कन्नडात 'गंड' म्हणजे नवरा.

एक ओळखदेख नसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली प्रौढ स्त्री भर बाजारात 'नवरा नको, नको' असे हात झटकून सांगत होती, आणि तिचा तो नको असलेला नवरा तीस पावलांवर ताडी धुंडीत होता. या दोन बातम्या एकत्र आल्यावर बाजाराने जो आनंद लुटला त्याचे वर्णन करण्यात मला फारसा उत्साह नाही. लांब हातांच्या त्या फूलवालीने हिच्या केसांत गजरा माळला, पैसे घेतले नाहीत आणि माझ्याकडे बोट दाखवून हिला हसत विचारले, "बेका? बेडवा?" हवा का नको? ही न बोलता उठली व तरातरा चालू लागली. मी मागोमाग.

परतीच्या वाटेवर ती गप्प होती. मी वातावरण निवळावे म्हणून सांगितले की 'गंड' याचा मूळ अर्थ वीर, मर्द असा आहे आणि कर्नाटकाच्या राजचिन्हावर गंडभेरुंड आहे. "वीरच," ती म्हणाली. "सकाळी सकाळी गुत्ता शोधणारा." मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "उद्या त्यांच्या घरी यातले अक्षर काढायचे नाही. मी तेथे तोंड उघडणारच नाही. एका शब्दाने ही दशा, तर उद्या काय काय होईल?" मी वचन दिले. चेष्टेचा विषय तो नव्हता. गाडीतील तिची भीती खरी ठरली होती, आणि ती घालवायला माझ्या वहीने काडीचीही मदत केली नव्हती.

रविवारी बसवनगुडीला गेलो. १८९८ सालच्या प्लेगानंतर वसवलेली ही वस्ती आहे. रुंद रस्ते, जुनी झाडे, आणि जवळच एकाच दगडात कोरलेला मोठा नंदी, ज्याच्यापुढे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. घर जुन्या धाटणीचे, दारात रांगोळी. व्याही निवृत्त प्राध्यापक. आमचे इंग्रजीत लगेच जमले. मुलगा व मुलगी मधूनमधून भाषांतर करीत होती. विहीणबाई व सौभाग्यवती मात्र समोरासमोरच्या खुर्च्यांवर बसून एकमेकींकडे पाहून हसत होत्या. अगदी गाडीत वर्णन केल्याप्रमाणे. हसणे संपले की खाली पाहत, पुन्हा वर पाहून हसत. ते पाहवेना.

फराळाला चिरोटी होती. आपल्याकडची ही वस्तू तेथे त्याच नावाने पाहून हिचा चेहरा किंचित उजळला. विहीणबाईंनी दुसरी वाढण्यास हात पुढे केला, "बेका?"

हिच्या तोंडून सवयीने गेले, "बेडा." आणि तो शब्द स्वतःच्या कानी पडताच हिला जे हसू लोटले ते थांबेना. पदर तोंडात कोंबला, पाणी प्यायली, ठसका लागला. विहीणबाई घाबरून उठल्या. अखेर त्यांच्या मुलीने विचारले, "काय झालं, आई?" ती हिला मराठीत 'आई' म्हणाली, पहिल्यांदाच. मग हिने सर्व सांगितले. फूलवाली, गंडा, माझी ताडी, काही लपवले नाही. मुलगी वाक्यागणिक कन्नड करीत होती आणि प्रत्येक वाक्यामागून घर हादरत होते.

विहीणबाईंनी हसणे संपवून आपली हकीकत काढली. मागे एकदा त्या पुण्यास आल्या असता पिकल्या केसांचा एक भाजीवाला त्यांना "या ताई" म्हणाला. कन्नडात 'तायी' म्हणजे आई. आपल्याहून वयाने मोठा माणूस आपल्याला आई म्हणतो, म्हणजे आपण किती म्हाताऱ्या दिसत असू, या विचाराने त्यांनी मुक्कामावर परतल्यावर दोनदा आरसा पाहिला होता. अण्णा, अक्का, अप्पा ही नाती दोन्ही भाषांत एकसारखी, फक्त या ताईनेच घात केला.

व्याही म्हणाले की मी केलेली चूक कन्नड साहित्याला अनोळखी नाही. जी. पी. राजरत्नम् यांच्या 'रत्नन पदगळु' या प्रसिद्ध काव्यात रत्न नावाचा एक मद्यपी आहे. त्याला ताडी, बायको आणि कन्नड या तिन्ही गोष्टी सारख्याच प्रिय आहेत. मीही गप्प बसलो नाही. तुकोबांच्या गाथेत एका कानडी बाईने मराठी नवरा केल्याचा अभंग आहे. ती त्याला आपल्या भाषेत 'इकडे ये' म्हणते, आणि त्याला ती आण घातल्यासारखी वाटून तो पळून जातो. व्याह्यांनी तो कन्नड शब्द कोणता ते विचारले. 'इल्लि बा' असावा, असे मी म्हटले. ते गंभीरपणे म्हणाले, "मग तो पळणारच. 'बा' हे लहान मुलाला म्हणतात. नवऱ्याला 'बन्नि' म्हणायला हवे होते." साडेतीनशे वर्षे वारकरी जो अभंग म्हणत आले त्याचा हा अर्थ मला नवीन होता, आणि शास्त्राला कितपत मान्य होईल हे ठाऊक नाही. पण ज्यांच्या बेंद्र्यांची घरची भाषा मराठी होती आणि ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड कवितेसाठी, त्या लोकांशी वाद कोण घालणार?

एवढे बोलून मी वळलो तो दोन्ही खुर्च्या रिकाम्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, आणि दोन बायकांचे बोलणे. एक मराठीत बोलत होती, दुसरी कन्नडात. मध्ये कुणी दुभाष्या नव्हता. मुलगी उठू लागली तेव्हा व्याह्यांनी तिला खुणेने बसवले.

लग्न बेंगळुरातच करण्याचे त्याच बैठकीत ठरले. निघताना दारात विहीणबाईंनी आपला उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत हिच्यापुढे धरला आणि मांडवासाठी फुलांच्या माळा किती मोळ सांगून ठेवाव्यात, असे विचारले. मी वही काढण्यासाठी खिशात हात घातला. त्याआधीच सौभाग्यवती म्हणाल्या, "नूरु मोळ बेकु."